यादी कोणाच्या हातात?



हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेत साठ वर्षांत सर्वाधिक काय लिहिले जाते? निबंधही नव्हे आणि उत्तरपत्रिकाही नव्हेत. शाळेत लिहिल्या जातात त्या याद्या. हजेरीपट, प्रयोगशाळेच्या साहित्याची नोंद, सहलीला निघालेल्या मुलांची नावे, स्नेहसंमेलनाच्या कामांची वाटणी, या साऱ्या याद्याच. पूर्वी गृहपाठाची यादी वहीच्या शेवटच्या पानावर असे. आता ती भ्रमणध्वनीत आली आहे. तिच्यासाठी इतकी ॲप उपलब्ध आहेत की त्यांतून निवड करणे हेच एक काम होऊन बसले आहे. म्हणून आजचा प्रश्न साधा आहे: कामांच्या यादीचे योग्य ॲप कसे शोधावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका शहराकडे पाहणे उपयोगी ठरेल. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला नवी राजधानी हवी झाली. आधीच्या आराखड्याचे काम पाहणारे मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले. त्यानंतर १९५१ मध्ये चंदीगडच्या आखणीची धुरा फ्रान्समधील वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे आली. त्यांच्याबरोबर काम केलेल्या भारतीय वास्तुरचनाकारांत आणि नियोजनकारांत ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही मराठी कानांना ओळखीची वाटणारी नावेही आहेत.

चंदीगडचा सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. दुकान, शाळा, दवाखाना अशा रोजच्या गरजा त्या चौकटीत पायी भागाव्यात, हा हेतू. रस्त्यांच्या सात श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीचा रस्ता शहराला बाहेरच्या जगाशी जोडतो. सातवी श्रेणी म्हणजे हिरवळीतून जाणारी पायवाट. सायकलींसाठी आठवी श्रेणी मागाहून आली. धावती मोटार आणि रमतगमत चालणारे मूल एका वाटेवर येऊ नये, हे त्यामागचे तत्त्व.

चांगल्या यादीचे तत्त्वही हेच आहे. ‘दहावीचा अभ्यास करणे’ आणि ‘पेनची रिफिल आणणे’ या दोन गोष्टी एकाखाली एक लिहिल्या की मन सोपी गोष्ट उचलते आणि मोठी उद्यावर ढकलते. संध्याकाळी पाच खुणा झालेल्या दिसतात, पण खरे काम तसेच राहते. म्हणून मोठ्या कामाचे लहान भाग करावेत. ‘बीजगणिताचे दुसरे प्रकरण, पहिली पाच उदाहरणे’ असे लिहिले की कोठून सुरुवात करायची ते कळते.

यादी लिहिल्याने मनाला स्वस्थता का लाभते, याचाही अभ्यास झाला आहे. ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२७ मध्ये बर्लिन येथील प्रयोगांवरून असे मांडले की, अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. पुढच्या सर्वच प्रयोगांत हा निष्कर्ष टिकला नाही. मात्र २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर या संशोधकांना असे आढळले की, अपूर्ण कामाविषयीचे विचार मध्येच डोके वर काढतात. पण ते काम कधी आणि कसे करायचे याचा नेमका बेत ठरला, तर ती टोचणी बरीच कमी होते. काम अजून झालेले नसते, तरीही! नुसते टिपून ठेवणे आणि बेत ठरवणे यांत असा फरक आहे.

यादीचे सामर्थ्य सांगताना डॉ. अतुल गवांदे यांचे नाव घ्यायलाच हवे. अमेरिकेत शल्यचिकित्सक असलेल्या गवांदे यांच्या घराण्याचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातील उटी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी सहकाऱ्यांसह शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेदरम्यान आणि नंतर तपासायच्या १९ बाबींची यादी केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा योग्य आहे ना, औषधाची ॲलर्जी आहे का, असे साधे प्रश्न त्यात होते. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरले.

पण कथेचा उत्तरार्धही ऐकावा. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी अशीच यादी लागू केली, तेव्हा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. यादी आणणे आणि यादी मनापासून पाळणे यांत अंतर असते. खुणा करणारा हात आणि विचार करणारे मन एकत्र नसतील, तर उत्तम यादीही निर्जीव कागद ठरते.

आता निवडीकडे वळू. पहिली कसोटी वेगाची. वर्ग सुटताना सुचलेले काम काही क्षणांत नोंदवता आले पाहिजे. चार पडदे उघडावे लागले तर ते विसरलेच म्हणून समजा. दुसरी कसोटी भाषेची. देवनागरीत लिहिता, बोलून टिपता आणि शोधता येते का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. तिसरी, इंटरनेट नसताना यादी उघडते का? चौथी, ती घरातल्यांबरोबर वाटून घेता येते का? गूगल कीपमध्ये तशी सोय आहे. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये ‘माय डे’ हे पान दररोज कोरे होते. काल राहिलेले काम आज खरोखर करायचे आहे का, हे ठरवणे भाग पडते. पाचवी कसोटी बहुतेक जण विसरतात: आपली यादी बाहेर काढता येते का? बर्लिनमध्ये तयार झालेले वंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. ॲप येतात आणि जातात. याद्या आपल्या हाती राहिल्या पाहिजेत.

एक ॲप निवडावे, तीन आठवडे निष्ठेने वापरावे आणि मगच मत बनवावे. दर रविवारी नवे ॲप शोधणारा विद्यार्थी अभ्यासाच्या वेळापत्रकाला रंग देत बसणाऱ्या विद्यार्थ्याचाच धाकटा भाऊ! आणि पाचही कसोट्यांनंतर कोणाला खिशातली छोटी वहीच सोयीची वाटली, तर त्यात कमीपणा नाही.

चौथ्या कसोटीवर मात्र थोडे थांबले पाहिजे. घरोघरी एक यादी अशी असते की जी कोठेच लिहिलेली नसते. गॅस सिलिंडर केव्हा संपेल, आजोबांची रक्तदाबाची गोळी किती उरली, शुल्क भरण्याची मुदत कधी, गणवेशाचे बटण कोणाचे तुटले... ही यादी आईच्या डोक्यात असते. घरातले म्हणतात, ‘तू सांग, आम्ही करतो.’ पण लक्षात ठेवणे आणि वेळेवर सांगणे हेच तर अर्धे काम! ती आजारी पडते तेव्हाच त्या यादीची लांबी घराला कळते. म्हणून विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर पहिली यादी स्वतःची करू नका. आईजवळ बसा, तिच्या मनातली कामे एकेक करून लिहा, प्रत्येकापुढे घरातल्या कोणाचे तरी नाव घाला आणि स्वतःच्या नावापुढची कामे न सांगता करा. ज्या ॲपने हे साधेल, ते योग्य ॲप.

शेवटी पुन्हा चंदीगड. काटेकोर आखलेल्या त्या शहरात रस्ते निरीक्षकाची नोकरी करणारे नेकचंद हे फाळणीत घर गमावून आलेले गृहस्थ. बांधकामास मनाई असलेल्या एका झाडीत ते फुटक्या बांगड्या, फरशीचे तुकडे, मोडकी भांडी गोळा करून वर्षानुवर्षे गुपचूप मूर्ती घडवत राहिले. उघडकीस आल्यावर ते सारे पाडले जाण्याची वेळ आली होती. पण लोकांनी ते उचलून धरले आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन सर्वांसाठी खुले झाले. १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. शहराच्या कोणत्याही आराखड्यात नसलेले ते उद्यान आज त्याच शहराची ओळख सांगते.

तेव्हा यादी नीट करा, ती पाळा, ती वाटून घ्या. आणि दिवसाचा एक तुकडा मात्र तिच्याबाहेर मोकळा ठेवा.