गाळा घेण्याआधी गाव दोनदा पाहा

निवृत्तीची रक्कम हाती आली किंवा भूसंपादनाचे पैसे मिळाले, की तालुक्याच्या गावी एखादा गाळा घ्यावा, घरबसल्या भाडं येत राहील, असं अनेकांना वाटतं. वाटण्यात चूक नाही. पण आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा आहे, 17 हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. राहाता-श्रीरामपूरच्या पाटपाण्यावर जमणारं गणित पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे तसंच जमेल असं धरून चालू नका.

पाथर्डीकडे गाळा दाखवायला एजंट तुम्हाला बाजाराच्या दिवशी नेईल, नाहीतर मोहटादेवीच्या नवरात्रात. तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. बऱ्याच घरांत ऊसतोडीसाठी मुकादमाची आगाऊ उचल आलेली असते, त्यामुळे हातात पैसाही असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि आसपासच्या वस्त्यांवर म्हातारी माणसं नि शाळकरी पोरं उरतात. किराणा उधारीवर चालतो. कापड, भांडी, हार्डवेअरवाले वाट बघत बसतात. टोळ्या परतल्या की लग्नसराईत पुन्हा उलाढाल होते.

म्हणून एकदा जानेवारीत, बाजार नसलेल्या दिवशी जा आणि एकदा मे महिन्यात जा. गाळ्याच्या ओळीत उभं राहून शटरं पाहा. कुलूप गंजलेलं, उंबऱ्याशी वाऱ्यानं आणलेली माती साचलेली, अशी शटरं किती आहेत? शेजारच्या दुकानदाराला धंदा कसा आहे हे विचारू नका. उधारी किती महिन्यांनी वसूल होते, ते विचारा. भाडेकरू तुम्हाला भाडं कधी देणार, हे त्यातच कळतं.

आता कागद. ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवून पुष्कळ गाळे विकले जातात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. खालच्या जमिनीचा सातबारा, फेरफार आणि अकृषिक परवानगी पाहा. जमीन शेतीचीच असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर 1948च्या कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. भोगवटादार वर्ग 2 किंवा देवस्थान इनाम अशी नोंद दिसली, तर तिथेच थांबून वकील गाठा. एमआयडीसीतला गाळा बहुधा दीर्घ भाडेपट्ट्याचा असतो. हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं.

‘महामार्ग टच’ या शब्दांना भुलू नका. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो, पण इंटरचेंजखेरीज गाडी खाली उतरतच नाही. मग कुंपणापलीकडच्या जमिनीला गिऱ्हाईक कुठून येणार? इतर महामार्गांवरही गाडी आपल्या जागेत वळवायला संबंधित खात्याची परवानगी लागते. बाह्यवळण आखलेलं आहे का, तेही आधी तपासा.

इसार चेकनंच द्या. पावतीत गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि खरेदीखताची मुदत लिहून घ्या. तीस वर्षांचा सर्च घ्या, सरकारी मोजणी करा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. सातबाऱ्यावर नाव असलेला एखादा भाऊ किंवा बहीण तोडीला गेलेली असेल, तर ‘तिची सही नंतर घेऊ’ हे ऐकू नका. ती परत येईपर्यंत खरेदी थांबवा.