परसातले आंब्याचे कलम

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जव्हार-मोखाडा भागातील पाड्यांवर आपल्या देणगीतून आंब्याची संकरित कलमे लावली जातात. “तिथे रायवळ आंबा आहेच, मग संकरित कशाला?” असे तुमच्यापैकी काहींनी विचारले, म्हणून हे चार शब्द.

रायवळ कोयीपासून वाढलेले झाड फळायला बरीच वर्षे लागतात आणि फळ कसे निघेल ते आधी सांगता येत नाही. हापूस उत्तम, पण तो साधारण वर्षाआड फळतो आणि त्यात साका होतो. म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढली. ती १९८१ साली प्रसारित झाली. तिला दरवर्षी फळ येते, साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून पातळ कोयीची ‘सिंधू’ आली. दिल्लीत दशहरी आणि नीलम यांच्यापासून तयार झालेली ‘आम्रपाली’ ठेंगणी असते. ती २.५ मीटर अंतरावर लावता येते, म्हणून झोपडीमागच्या लहानशा जागेतही चार झाडे बसतात.

मात्र या फळांची कोय पेरून तीच जात मिळत नाही. कलमच बांधावे लागते. त्यासाठी लागणारा खुंट पाड्यावर फुकट आहे. जूनमध्ये रायवळ आंबे खाऊन टाकलेल्या कोयी ताज्या असतानाच रुजत घालायच्या. दोनेक आठवड्यांचे, तांबूस पानांचे रोप झाले की शेंडा कापून मधोमध चीर द्यायची. तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. हेच कोय कलम. पाड्यावरच्या मुली हे काम हौसेने शिकतात.

लावताना १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात चांगले कुजलेले शेणखत, बाजूला आधाराची काठी. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फूट आली तर ती लगेच काढायची. ती रायवळाची असते आणि राहू दिली तर वरचे कलम दाबून टाकते. पहिली तीन वर्षे मोहोरही खुडायचा. हे बायकांना पटवणे सर्वांत अवघड. “दारी आलेला मोहोर तोडायचा?” असे त्या विचारतात.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. या भागात पाऊस धो धो पडतो, पण दिवाळीनंतर काम राहत नाही. घरची धडधाकट माणसे मुलांना घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, शेळ्या आणि सुकत जाणारी विहीर. कलम मरते ते याच महिन्यांत. म्हणून प्रत्येक कलमाला काट्यांचे कुंपण हवे, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन हवे आणि शेजारी पुरलेले मडके हवे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते. आजीने दोन-तीन दिवसांनी भरले तरी चालते.

झाड फळू लागले की मे महिन्यात विकायला काहीतरी हाती येते. आंब्यामुळे भट्टीवरचे जाणे लगेच थांबेल असे मी म्हणणार नाही. पण उचल थोडी कमी घ्यावी लागली, तरी त्या घराला ती मोठी गोष्ट आहे.

तेव्हा एक विनंती. यंदा किती कलमे लावली, हे आम्हाला जरूर विचारा. पण तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती जगली, हे त्याआधी विचारा. आणि कुंपण, मडके व कलमाचा चाकू यांसाठीही काही द्या.