गाडी उचलली, पण स्टिअरिंगचं काय?

आज माझ्या जिम्नीची फजिती सांगतो. मी इंदूरला राहतो, सुट्टी मिळाली की कच्च्या रस्त्याला लागतो. कंपनीतून ही गाडी 210 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स घेऊनच येते, पण हौसेला मोल नसतं. लांब स्प्रिंगा टाकून दोन इंच उचलली, टायरही मोठे घातले. काय रुबाबदार दिसत होती!

चौथ्या दिवशी मानपूरच्या अलीकडे, ताशी 80 च्या वेगात, पुलाच्या सांध्यावर दणका बसला आणि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की मनगटं बधिर झाली. मागे आई बसलेली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, गाडी हळूहळू शांत झाली. आई एवढंच म्हणाली, "अरे, ही गाडी नवीच आहे ना?"

गॅरेजवाला म्हणाला, जाड स्टिअरिंग डॅम्पर टाका. टाकला. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. डॅम्पर थरथर दाबतो, तिचं कारण काढत नाही.

कारण असं. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असतो, दोन आर्मनी धरलेला. गाडी वर गेली की आर्म जास्त तिरके होतात, अ‍ॅक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा मागे झुकलेला असतो ना, तो झुकाव म्हणजे कॅस्टर. त्यामुळे चाक आपणहून सरळ होतं. शिवाय आडवा लॅटरल रॉड तेवढ्याच लांबीचा राहतो, म्हणून अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो.

म्हणून आधी व्हील बॅलन्सिंग, बेअरिंग आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतली ढिलाई तपासा. मग कॅस्टर सुधारणारे बुश आणि लांबी जुळवता येणारा लॅटरल रॉड. त्या रॉडचं एक टोक नुसतं उंच करू नका हं! तो आणि ड्रॅग लिंक साधारण समांतर राहिले पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःच वळतं. चाक पूर्ण खाली लोंबकळवून ब्रेकचा होज ताणला जातो का, तेही बघा. डॅम्पर सगळ्यात शेवटी.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, विमा कंपनीलाही आधीच विचारा. मी नंतर विचारलं.

माझं स्टिअरिंग आता ठीक आहे. आई मात्र म्हणते, आधी महिनाभर तू एकटा चालव.