टाके काढल्यानंतरची जबाबदारी



या परिषदेचे अध्यक्षपद माझ्याकडे सोपवलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेत आपण मोठी मजल मारली आहे. त्याच्या जागी बसवायचा ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा घ्यावा की पटेलर टेंडनचा, यावर आपण हिरिरीने वाद घालतो. तितक्याच हिरिरीने आपण टाके काढल्यानंतरच्या महिन्यांवर बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

2014 साली क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी 69 अभ्यास एकत्र तपासले. शस्त्रक्रियेनंतर 81 टक्के रुग्ण कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले होते, दुखापतीपूर्वीच्या पातळीवर 65 टक्के आणि स्पर्धेत फक्त 55 टक्के. गुडघा भक्कम झाला तरी जवळपास निम्मे खेळाडू स्पर्धेबाहेर राहिले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या मनात पुन्हा दुखापतीची धास्ती असते आणि ती एमआरआयमध्ये दिसत नाही.

आपल्याकडे कबड्डीत हे नेहमी पाहायला मिळते. चढाईला गेलेला मुलगा मॅटवर पाय रोवून वळतो, तेवढ्यात मागून कोणी घोटा धरतो आणि गुडघा पिळवटतो. शस्त्रक्रिया होते. दोन-तीन महिन्यांत सूज उतरते, दुखणे थांबते आणि त्याला वाटते, आपण बरे झालो. आत मात्र ग्राफ्टच्या जुन्या पेशी मरून नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात. या काळात ग्राफ्ट बसवला तेव्हापेक्षाही कमजोर असतो. मुलाला बरे वाटते नेमके तेव्हाच त्याला जपायचे असते.

डेलावेअर आणि ऑस्लोच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की, खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत लांबवले, तर प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण 51 टक्क्यांनी घटते. ताकदीच्या आणि उडीच्या कसोट्या पार करून परतलेल्यांपैकी 5.6 टक्क्यांना पुन्हा इजा झाली. त्या पार न करता परतलेल्यांपैकी 38.2 टक्क्यांना. म्हणून नुसते कॅलेंडर बघून परवानगी देऊ नका. नऊ महिने भरले पाहिजेत आणि कसोट्याही पार झाल्या पाहिजेत.

या कसोट्यांना महागडे यंत्रच लागते असे नाही. एका पायावर लांब उडी मारायला लावायची, खडूने खूण करायची, टेपने मोजायचे. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची उडी दुसऱ्याच्या निदान 90 टक्के भरली पाहिजे. तालुक्याच्या गावातला क्रीडाशिक्षकही हे शिकू शकतो. मात्र केवळ उडीवर विसंबू नका. उडी चांगली दिसली तरी मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मागे राहिलेली असू शकते. ती वेगळी तपासा.

आणि सुरुवात घरापासून करा. पहिल्या आठवड्यात आई मायेने मुलाच्या गुडघ्याखाली उशी ठेवते. त्या आरामात गुडघा वाकलेलाच राहतो, सरळ होण्याचे शेवटचे काही अंश गमावले जातात आणि लंगडणे मागे लागते. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली हवा. ही ओळ डिस्चार्ज कार्डावर मराठीत असावी आणि कार्ड हातात देताना ती आईला वाचूनही दाखवावी.

फिजिओथेरपिस्ट मित्रांना चिठ्ठीवर एका शब्दात उरकू नका. शस्त्रक्रियेचा निर्णय होतो त्याच बैठकीत त्यांना बसवा. 2010 साली स्वीडनच्या 121 तरुणांवरील अभ्यासात, आधी व्यायामोपचार घेऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया केलेल्या गटाची स्थिती दोन वर्षांनी लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांइतकीच चांगली होती. त्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. व्यायामाचे मोल याहून वेगळे काय सांगू?

नॉर्वेने 2004 पासून या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे. आपण निदान आपापल्या रुग्णालयात एक वही सुरू करू. रुग्ण दोन वर्षांनी खेळतो का, कुठल्या पातळीवर, गुडघा पुन्हा दुखावला का, एवढे तीन रकाने पुरेत. ती वही घेऊन आपण पुढच्या परिषदेला यावे आणि कमी पडलेले आकडेही मोकळेपणाने मांडावेत, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने सभेपुढे ठेवतो.