खाजनशेती आणि कारखान्याचे खत



समाराधनेच्या पंक्तीत पानावर भात पडतो, तेव्हा तो कोणत्या शेतात पिकला हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पूर्वी मुरगांव तालुक्यात तो विचारण्याचे कारणच नव्हते. कुठ्ठाळी, सांकवाळ, चिखली या गावांतील तांदूळ झुआरीच्या काठच्या खाजनांतून येत असे, आणि तांबूस रंगावरून तो कोरगुट आहे हे पोरेसुद्धा ओळखीत. शेतीचे दोन मार्ग, एक पूर्वापार चालत आलेला व दुसरा कारखान्यातून निघालेला, यांची तुलना करण्यास या तालुक्याइतके सोयीचे ठिकाण गोमंतकात दुसरे नाही. दोन्हीही येथे काही मैलांच्या अंतरात पाहावयास मिळतात.

खाजन म्हणजे खाडीच्या पोटातून माणसाने मागून घेतलेली जमीन. भरतीच्या पाण्याची पातळी या शेतांहून उंच असते. मध्ये उभा असतो तो बांध. चिखल, पेंढा व झाडांच्या फांद्या यांचे थर दाबून तो घातला जातो आणि जेथे लाटांचा मार असतो तेथे त्याला चिऱ्यांचे अस्तर देतात. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानशीची लाकडी दारे कोणी उघडावी लागत नाहीत. भरती आली की पाण्याच्या दाबाने ती मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेतातील जादा पाणी खाडीत सोडतात. दारांच्या आत पोंय नावाचा खोलगट भाग ठेवलेला असतो. आत शिरलेले खारे पाणी तेथे थोपते, शेतावर चढत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी मातीतील मीठ धुऊन निघते, त्यानंतर कोरगुट पेरावयाचे, पाऊस सरता सरता कापावयाचे, आणि मग त्याच पाण्यात मासळी व कोळंबी, काही ठिकाणी मीठ. एका जमिनीची ही तीन उत्पन्ने घेण्यासाठी वीज लागत नसे, तेल लागत नसे.

गोमंतकात असे सुमारे 18,000 हेक्टर खाजन असल्याचे सांगतात. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था जुनीच होती. 1526 साली आफोंसो मेशिया याने गावच्या चालीरीतींची जी सनद लिहून काढली, तीत गावकरीच्या रूढी नमूद आहेत. म्हणजे लिहून घेणाराच नवा होता, रूढी नव्हत्या. बांधाची डागडुजी गावकरीच्या उत्पन्नातून होई, मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि लिलावाचा पैसा पुन्हा गावच्या खर्चास येई.

मात्र या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. गावकरीचा वाटा गावकरांच्या पुरुष वारसांना मिळे. चिखलात उभ्या राहून लावणी करणाऱ्या बायांना आणि बांधावर माती वाहणाऱ्या मुंडकारांना मिळे ती मजुरी. 1964 चा कूळ कायदा आला, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा मालक ठरला, हे न्यायाचे पाऊल होते यात शंका नाही. परंतु शेताचा मालक बदलला, तेव्हा बांध कोणाचा हा प्रश्न अर्धवट राहिला. 1975 च्या नियमांनी कुळांच्या संस्था काढून ती जबाबदारी संयुक्तपणे त्यांच्यावर सोपविली. काही गावी त्या नेटाने चालल्या. अनेक ठिकाणी मात्र मासेमारीचा ठेका शेतीपेक्षा किफायतशीर ठरला. ठेकेदारास मासा हवा, म्हणून दारे अवेळी उघडी राहू लागली. खारे पाणी शेतात चढले. एकदा बांध फुटला की जमिनीतील मीठ धुऊन निघण्यास दोन-तीन पावसाळे लागतात, आणि तेवढ्यात शेतकरी नोकरी धरून मोकळा होतो.

आता दुसरा मार्ग. सांकवाळच्या पठारावर 1973 साली खताचा कारखाना सुरू झाला आणि त्याला नावही नदीचेच मिळाले : झुआरी. (2022 पासून तो पारादीप फॉस्फेट्स या कंपनीकडे आहे.) हवेतील नत्र हायड्रोजनशी जोडून अमोनिया करण्याची युक्ती जर्मन रसायनज्ञ फ्रित्स हाबर याने 1909 मध्ये साधली, 1913 मध्ये ओप्पाऊ येथे तिचा कारखाना निघाला, आणि युरियाच्या पोत्यात शेकडा 46 नत्र मिळू लागले. हे सामर्थ्य लहान नव्हे. ज्या देशाने 1966 च्या आगेमागे परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहिली आणि ज्या गोमंतकाने 1955 च्या नाकेबंदीच्या काळात तांदूळ समुद्रापलीकडून आणविला, त्याने कारखान्याचे खत झिडकारावे असे म्हणणे पोट भरलेल्या माणसाला शोभते. 1968 साली जया हे बुटके भात आले. गोमंतकात ते व पुढे केरळातून आलेले ज्योती सर्वत्र पसरले. गोड्या पाण्याच्या खेर जमिनीत हेक्टरी चार टनांच्या घरात उतारा मिळू लागला, तेथे कोरगुटाचे दोनेक टन कोणाच्या डोळ्यांत भरणार?

पण खाजनात हे गणित जुळले नाही, आणि त्याची कारणे मातीतच आहेत. बुटक्या भाताला मीठ सोसत नाही. पाणी तुंबले तर ते बुडते. उंच कोरगुटाला नत्र जास्त दिले तर ते आडवे पडते. शिवाय पाण्याखालच्या भातशेतीत घातलेल्या नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा, फार तर थोडा अधिक, पिकाच्या अंगी लागतो. बाकीचे हवेत उडते किंवा पाण्याबरोबर निघून जाते, आणि खाजनात ते पाणी मानशीतून थेट नदीला मिळते. मासळी पोसणाऱ्या पाण्यात खत सोडावयाचे आणि त्याच पाण्यातून मासळीची अपेक्षा करावयाची, हा विचित्र व्यवहार आहे. कारखान्याच्या बाबतीतही असेच घडले. त्याच्या सांडपाण्याने 1974 च्या सुमारास वेळसांवच्या किनाऱ्याला मेलेली मासळी लागली व मच्छीमारांनी मोठे आंदोलन केले. ज्या नत्राने शेत पिकवावयाचे, त्याच्या निर्मितीत समुद्र पणाला लागतो, याचा हिशेब पोत्यावर छापलेला नसतो.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती पेंढ्याची. उंच भाताचा पेंढा लांब असतो. तो गुरांना लागे, गोठ्याच्या छपराला लागे, आणि बांधाच्या चिखलात घालण्यासही लागे. बुटक्या भाताने दाणा अधिक दिला, पेंढा कमी दिला. गुरे कमी झाली, शेण कमी झाले, युरियाची गरज वाढली; आणि बांध घालणाऱ्याला बांधात भरावयास काही उरले नाही. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला 1924 पासून काडीकचरा व शेण यांचे खत करण्याचा जो प्रयोग चालविला, त्याचे पुस्तक 1931 मध्ये निघाले. त्यावर त्यांच्या जोडीने वाड या सहकाऱ्याचेही नाव आहे. त्या प्रयोगाचे मर्म हेच होते की शेताची एक वस्तू दुसरीच्या उपयोगी पडते. तोडलेली साखळी पोते आणून सांधता येत नाही.

पेडणे व डिचोली येथील अनुभव निराळा आहे, तरी तो विसरून चालणार नाही. पेडण्यात शापोरा व तेरेखोलच्या काठी खाजने आहेत, पण वरच्या अंगाला तिळारीचे पाणी आले. सरदीनंतर वायंगण घेण्याची, भाजीपाला करण्याची सोय झाली. तेथे सिंचन आणि थोडे खत यांनी कुटुंबे सावरली, हे मान्य केले पाहिजे. डिचोलीत शेतीचा शत्रू युरिया नव्हता. खनिजाच्या ढिगांवरून पावसात वाहून आलेला लाल गाळ मुळगांव, शिरगांवच्या शेतांत साचला. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पट्टे पुन्हा रद्द ठरविले, पुढे पट्ट्यांचा लिलाव झाला. पण गाळाखाली गेलेल्या शेताला निकालाने माती परत मिळत नाही.

खाजनाच्या बाजूने काही गोष्टी घडल्या आहेत त्या अशा. 1991 च्या जमीनवापर कायद्याने कुळांना मिळालेली शेते इतर उपयोगास लावण्यास मनाई केली. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोमंतकाच्या खाजनांचे नाव घेऊन त्यांना संरक्षण दिले. जुने गोवे येथील केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' नावाच्या मीठ सोसणाऱ्या जाती काढल्या, ज्यांचा उतारा मूळ कोरगुटापेक्षा पुष्कळ चांगला आहे. म्हणजे जुन्याचा नाश करूनच नवे येते असे नाही. शास्त्रज्ञाला येथे बियाणे शेतकऱ्याच्या कणगीतून मिळाले. उद्या समुद्राची पातळी चढत गेली, तर मीठ सोसणारे हे बियाणे ज्योती पिकविणाऱ्यांनाही मागावे लागेल.

तथापि बियाणे बांध घालीत नाही. पडीक खाजनात प्रथम तिवरे वाढतात, मग भराव पडतो, मग कुंपण येते. सांकवाळ काय, कुठ्ठाळी काय, जेथे बांध शाबूत आहे तेथे वैशाखात मानशीची दारे तपासून घेणारा, कुजलेली फळी बदलणारा, खेकड्यांनी पाडलेली भोके बुजविणारा कोणीतरी अजून आहे म्हणून तो शाबूत आहे. तो बहुधा साठीच्या पलीकडचा असतो. त्याच्या रोजीचा पैसा गावकरीने द्यावा, कुळांच्या संस्थेने द्यावा की सरकारने, यावर पुष्कळ पत्रव्यवहार झाला आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी त्याचे उत्तर सापडले नाही, तर त्या वर्षी शेत खाडीचे होते.