ऑपरेशन एका दिवसाचं, उपचार वर्षभराचे

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत माण तालुक्यातल्या एका सदस्या ताईंनी केलेलं भाषण. त्यांच्याच शब्दांत देत आहोत.)



मला भाषण येत नाही. गटाचं रजिस्टर लिहिते तेवढंच. पण अध्यक्षताई म्हणाल्या, "तुमच्या घरात घडलं ते सांगा, कुणाची तरी जमीन वाचेल." म्हणून उभी राहिले.

आमच्या मालकांना शौचातून रक्त जायचं. मूळव्याध म्हणून आम्ही आठ महिने काढले. झाडपाला झाला, मलम झालं, पथ्य झालं. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले, तेव्हा साताऱ्याला दुर्बीण घालून तपासलं. मलाशयाचा कॅन्सर निघाला. मलाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग.

धाकटे दीर घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहतात. त्यांना एक दलाल भेटला. "परदेशात नेतो, आठ दिवसांत ऑपरेशन, पंधराव्या दिवशी घरी. पंधरा लाख लागतील, तीन लाख आधी द्या." भावासाठी दिरांचा जीव तुटत होता. विहिरीजवळचा एक एकर विकायची बोलणी सुरू झाली. मी गटात कर्जाचा अर्ज ठेवला. तेव्हा आमच्यातल्या एक म्हाताऱ्या आक्का म्हणाल्या, "ऑपरेशन तिकडं होईल गं, पण पुढचं कोण बघणार?" मला उत्तर देता आलं नाही. गटानं पंचवीस हजार दिले, पण आधी मुंबईत दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं, ही अट घातली. खरं सांगते, मला त्या दिवशी राग आला होता.

असल्फ्याहून मेट्रोनं अंधेरीला गेलो, एका मोठ्या खासगी रुग्णालयात. शेजारच्या बाकावर आफ्रिकेतली एक बाई बसली होती, मांडीवर फायलींची पिशवी. तिच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन होतं, मेडिकल व्हिसावर दोघं आली होती. मी दिरांकडं बघितलं. लोक विमानानं अंधेरीला येतायत, आणि आपण घाटकोपरला बसून जमीन विकून बाहेर निघालोय!

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आधी पाच आठवडे रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो ते, आणि सोबत केमोच्या गोळ्या. मग काही आठवडे थांबायचं, गाठ आकसू द्यायची. मग ऑपरेशन. आतड्याची शिवण भरून येईपर्यंत पोटावर पिशवी. मग केमो. मग पिशवी काढायला दुसरं, लहान ऑपरेशन. त्यानंतर पाच वर्षं तपासण्या. दलालाच्या पंधरा दिवसांत यातलं एकच काम बसत होतं! शिवाय पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर विमानात लगेच बसता येत नाही, डॉक्टरांची परवानगी लागते. तिकडं मुक्काम वाढला की खर्चही वाढतो.

खासगीतला खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. त्याच डॉक्टरांनी परळच्या टाटा रुग्णालयाचं नाव सांगितलं. त्या रुग्णालयाची गोष्ट मला नंतर कळली. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई यांना रक्ताचा कॅन्सर झाला. उपचार परदेशात झाले, पण 1931 साली त्या तिकडंच वारल्या. तशी सोय आपल्या देशात व्हावी, असं दोराबजींच्या मनात आलं. पुढच्या वर्षी तेही गेले, पण टाटा ट्रस्टनं 1941 मध्ये रुग्णालय उभं केलं. ज्यांना परदेश परवडत होता, त्यांच्या दुःखातून आपल्यासारख्यांची सोय झाली.

पैसा असला की सगळं होतं, असंही नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. मुंबई, अमेरिका, दिल्ली, सगळीकडं उपचार झाले. 17 मार्च 2019 ला ते गेले. हा आजार आत लपून वाढतो. सापडतो तेव्हा दहातल्या जेमतेम दोघांचं ऑपरेशन करता येतं. म्हणून किती लांब गेलो यापेक्षा किती लवकर गेलो, हे मोठं.

आमचं रेडिएशन चालू होतं तेव्हा रोज घाटकोपरहून लोकलनं परळला जायचो. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, हे माहीत नसल्यानं पहिले चार दिवस ह्यांनी उभ्यानं काढले. ऑपरेशननंतर पोटावरची पिशवी बदलायला नर्सताईंनी मला शिकवलं. दहा बाय बाराच्या खोलीत, मधे साडीचा पडदा लावून मी ती बदलायचे. हे लाजेनं जेवायचेच कमी झाले होते. जाऊबाईंनी एकदाही नाक मुरडलं नाही. त्यांचे उपकार कोणत्या रजिस्टरात लिहू?

आता कामाचं सांगते, लिहून घ्या.

एक, शौचातून रक्त, काळी शौच, घास अडकणं, दुखणं नसताना कावीळ, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर घरी औषध करत बसू नका. मिश्री आणि तंबाखू सोडा.

दोन, दुसरीकडं जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. तपासणीला काढलेल्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या.

तीन, डॉक्टरांना विचारा: माझा आजार कितव्या टप्प्यात आहे? असं ऑपरेशन इथं नेहमी होतं का? आधी आणि नंतर काय काय लागेल? ते गावाजवळ होईल का? जिथं अशी ऑपरेशनं नेहमी होतात, तिथं धोका कमी असतो.

चार, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. ती परदेशात चालत नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, किंवा 155388 ला फोन करा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

पाच, मुंबईत नातेवाईक नसतील तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथं चौकशी करा.

सहा, आधी पैसे मागणाऱ्या दलालाला सांगा, "गटात विचारून सांगते."

आमचा एकर शिल्लक आहे, त्यात यंदा ज्वारी आहे. मालक पाणी धरायला जातात. पुढच्या महिन्यात दोन वर्षांची तपासणी आहे. काय निघेल ते मला माहीत नाही. वाया गेलेले आठ महिने मात्र मला रोज आठवतात. म्हणून एक विनंती. महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले की एकमेकींना विचारा, "घरात कुणाला रक्त जातंय का? कुणाचा घास अडकतोय का?" आपण बायका तर हे कुणालाच सांगत नाही. निदान गटात तरी सांगा.