जन्मदिवसाची बातमी



गतवर्षी आमच्या धाकट्या चिरंजीवांस एकविसावे वर्ष लागले. या देशात एकविसाव्या वाढदिवसाचे महत्त्व किती, हे आपण जाणताच. त्यांच्या मित्रांनी त्यांस एक जुने वर्तमानपत्र चौकटीत बसवून भेट दिले. चिरंजीव ज्या दिवशी जन्मले, त्या दिवशीचे ते पहिले पान होते. पाहुणे गेल्यावर चिरंजीवांनी सहज विचारले, "बाबा, तुमच्या जन्माच्या दिवशी काय बातमी होती?" या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे कित्येक रविवार खर्ची पडले. त्याची हकिकत आज आपणांपुढे ठेवतो.

आमच्या पारपत्रावर १ जून १९६७ ही तारीख आहे. या सभागृहातील पन्नाशी ओलांडलेल्या बंधू-भगिनींपैकी कितीजणांचा जन्म १ जूनचा आहे, हे हात वर करून पाहिले तर हशाच पिकेल. शाळा जूनमध्ये भरते आणि पोराची सहा वर्षे पुरी हवीत. तेव्हा गुरुजींनी पोराकडे एकवार पाहावे आणि १ जून लिहावे, असा तो रिवाज होता. यात गुरुजींचा दोष नाही. त्यांनी निदान लिहिले तरी. येथील दवाखान्यात अफगाणिस्तान व सोमालियातून आलेले निर्वासित येतात, त्यांच्या कागदांवर असाच १ जानेवारी असतो. ती तारीख दिसली की आम्हांस नकळत बंधुभाव वाटतो.

खरी तारीख आम्हांस कळली ती मात्र या देशात, आणि तीही एका आपत्तीमुळे. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी ख्राइस्टचर्च हादरले. त्या भूकंपात १८५ माणसे दगावली. त्या काळी आमच्या मातोश्री आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. रात्री रुग्णालयातून घरी परतलो, तेव्हा त्या घराबाहेर गवतावर गोधडी पांघरून बसलेल्या दिसल्या. कोणी कितीही विनविले तरी आत यावयास तयार नव्हत्या. आम्हांस पाहताच म्हणाल्या, "तुझ्या टायमाला बी अशीच धरणी हालली व्हती. तिसऱ्या दिशी तू झालास."

कोयनेचा भूकंप! आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. कोयनेच्या भूकंपाची तारीख तर शाळेच्या भूगोलातच आहे: ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगर भुईसपाट झाले, धरणाला तडे गेले पण धरण उभे राहिले. धरणाच्या जलाशयामुळे घडलेला भूकंप म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्याचा अभ्यास करतात. मातोश्रींच्या लेखी मात्र त्याचे महत्त्व निराळे. भिंतीला भेग पडल्याने वस्तीतील कोणी घरात निजत नव्हते. कडबा आडवा लावून केलेल्या आडोशाला, डिसेंबरच्या थंडीत, सुईणीच्या हातून आम्ही या जगात आलो. वैद्यकाचा अभ्यास केल्यावर नवजात अर्भक थंडीने कसे दगावते हे आम्ही शिकलो, आणि त्या सुईणीपुढे मनोमन नतमस्तक झालो.

तरीही वैद्याचा स्वभाव संशयी. तिसरा दिवस म्हणजे १३ की १४? आम्ही मातोश्रींस खोदून खोदून विचारले. त्या म्हणाल्या, "सहा डिसेंबरला दादरला गेलेली माणसं परत आली, मग भूकंप झाला. चांदणं व्हतं. पुनवेला तीन दिस व्हते." पुढे आम्ही पंचांग पाहिले. त्या वर्षीची मार्गशीर्ष पौर्णिमा १६ डिसेंबरची. म्हणजे आमचा जन्म १३ डिसेंबर १९६७, बुधवार, रात्रीचा. ज्या माउलीस अक्षरओळख नाही, तिने आकाशातला चंद्र आणि बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन ही दोन प्रमाणे देऊन तारीख सिद्ध केली. सरकारी दप्तरात मात्र ती नाही. गावी गेलो असता आम्ही जन्ममृत्यूचे जुने दप्तर काढावयास लावले. त्या डिसेंबरात आमच्या वस्तीतील एकाही जन्माची नोंद नव्हती.

येथे आमच्या आजोबांची आठवण होते. ते गावचे तराळ. गावात कोणी वारले की त्याचा सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावोगाव अनवाणी जायचे, ही त्यांची वतनी चाकरी. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची वार्ता पोहोचविणारी ही माणसे. यांच्या घरी मूल जन्मले तर ती वार्ता कोणाच्याही वहीत गेली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. आमच्या वृत्तपत्राच्या जन्माची बातमीसुद्धा दुसऱ्याच्या वृत्तपत्रात येऊ शकली नाही, तेथे कडब्याच्या आडोशाची काय कथा!

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळू. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 'पेपर्स पास्ट' नावाने जुनी वर्तमानपत्रे सर्वांस विनामूल्य खुली केली आहेत. त्यात ख्राइस्टचर्चच्या 'द प्रेस'चे १९६७ चे अंकही आहेत. पितापुत्र शेजारी बसून आम्ही त्या आठवड्याची पाने चाळली. कोयनेचे नाव त्या परक्या पानांत दिसले, तेव्हा क्षणभर पुढचे वाचवेना. त्या दिवशी ग्रीसच्या राजाने लष्करी राजवट उलथवू पाहिली आणि फसला. चिरंजीवांस मात्र वेगळाच शोध लागला. १३ डिसेंबर १९६७ रोजी कार्डिफ येथे ऑल ब्लॅक्सचा ईस्ट वेल्सशी सामना झाला व ३-३ असा बरोबरीत सुटला! हिमवर्षावामुळे तो सामना शनिवारवरून त्या बुधवारवर गेला होता. वडिलांविषयीचा त्यांचा आदर त्या क्षणी बराच वाढला, असे आम्हांस वाटले.

त्या बातमीमागची बातमी आम्ही त्यांस सांगितली. त्या वर्षी ऑल ब्लॅक्स खरे तर दक्षिण आफ्रिकेला जावयाचे होते. पण तेथील राजवटीस संघात माओरी खेळाडू नको होते, म्हणून तो दौरा रद्द झाला आणि संघ ब्रिटनकडे वळला. याआधी माओरी खेळाडूंस घरी ठेवून संघ तेथे गेलेले होते, हेही सांगितले. अर्धी गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

आणि आमच्या व्यवसायाची बातमी? तीही त्याच देशातली. ३ डिसेंबरला केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे पहिले हृदयारोपण केले. आम्ही जन्मलो तेव्हा त्यांचे रुग्ण लुई वॉशकान्स्की हयात होते. २१ डिसेंबरला ते न्यूमोनियाने गेले. पुढे २ जानेवारी १९६८ रोजी क्लाइव्ह हॉप्ट या चोवीस वर्षांच्या 'कलर्ड' तरुणाचे हृदय फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याच्या छातीत बसविण्यात आले. ब्लायबर्ग त्यावर दीड वर्षाहून अधिक जगले. ज्या देशात या दोघांस एका बाकावर बसण्याची मुभा नव्हती, तेथे एकाचे हृदय दुसऱ्यास चालले. त्याच फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले.

एक विनंती करतो. आपल्यापैकी ज्यांचे आईवडील हयात आहेत, त्यांनी या आठवड्यातच त्यांस दूरध्वनी करावा. तारीख विचारू नये. तारीख विचारली की ही माणसे ओशाळतात. काय चालले होते ते विचारावे. 'धर्मांतराच्या साली पाळण्यात होतो', 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना कळा आल्या', असे काही ना काही निघेल. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि तारीख मागाहून आपण काढावी.

आमच्या मातोश्रींची तारीख अजून अडली आहे. गतवर्षी त्या येथील एका रुग्णालयात होत्या. या देशातील शिस्त आपणांस ठाऊक आहे; औषध देण्यापूर्वी दर वेळी नाव आणि जन्मतारीख विचारतात. परिचारिकेने विचारले, आम्ही मराठीत सांगितले. मातोश्री विचार करून म्हणाल्या, "गांधीबाबा गेले तवा मी रांगत व्हते. तिला सांग." रांगते मूल सात ते दहा महिन्यांचे, गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे १९४७ चा उन्हाळा, फार तर पावसाळ्याचा आरंभ. हा हिशेब आमच्या मनात चालू असताना परिचारिका थांबून होती. आम्ही तिला पारपत्रावरची तारीख सांगितली. तिने ती मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली आणि गोळी दिली. ती गेल्यावर मातोश्रींनी विचारले, "सांगितलंस का गांधीबाबांचं?"

जय भीम.